घशाला धरून बसलेले

तंजावूर, १९६९. सोमवार, संध्याकाळ.

माझ्या मुलीचे, जानकीचे गुडघे सुजले आहेत. माझे मेव्हणे डॉक्टर आहेत; दुपारी तिची छाती तपासून ते म्हणाले, "हृदयाच्या झडपेला इजा झालीय. किती, ते महिन्याभरात कळेल." ती नऊ वर्षांची आहे.

गेल्या महिन्यात तिचा नुसता घसा दुखत होता. मेव्हण्यांनी दहा दिवस पेनिसिलिनच्या सुया सांगितल्या होत्या. चौथ्या दिवशी ताप उतरला. ताप उतरला की तेल लावून न्हाऊ घालायचं, मिरीचं रसम आणि भात द्यायचा, की दुखणं संपलं, ही आमच्या घरची रीत. पाचव्या दिवशी कंपाउंडर सुई घेऊन आला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. आता गुळण्या पुरेत, म्हणालो.

"गुळण्यांनी जंतू धुऊन जात नाहीत, भावजी," मेव्हणे फाटकाशी मला एकट्याला म्हणाले. "त्यांच्या अंगावर प्रथिनांचे बारीक केस असतात. त्यांनीच ते घशाच्या पेशींना धरून बसतात, असं आता म्हणतात. ताप गेला तरी पकड सुटत नाही. म्हणून दहा दिवस. औषध अर्धवट सोडलं की घशातलं हे दुखणं पुढे सांध्यांवर आणि हृदयावर जाऊ शकतं."

ते केस डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी दारात उभा होतो तेव्हाही ते धरूनच होते? आणि मी तिला बरी म्हणत होतो.

स्वयंपाकघरात माझी बायको पार्वती रडते आहे. "मीच न्हाऊ घातलं तिला. माझ्यामुळेच गारठा बसला."

न्हाण्याने काही झालेलं नाही, हे मला दुपारपासून ठाऊक आहे. अजून मी तिला सांगितलेलं नाही.