येताना थांबू

बाबा, गेल्या आठवड्यात आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, कॅनडाहून अल कुसैसला घरी परतलो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याने गाडीतून रमतगमत गेलो. झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली, वाळूवर लाटांनी आणून टाकलेले पांढरे पडलेले ओंडके. धुकं आलं की थांबायचो, गेलं की पुन्हा थांबायचो. निघण्याआधी मी एकच ठरवलं होतं: कुणी थांब म्हणालं की थांबायचं. का, ते घरात सांगितलं नव्हतं.

मी लहान असतानाचा, समुद्रकाठच्या खोरफक्कानचा तो शुक्रवार. शारजाच्या तुमच्या वर्कशॉपची पिकअप तुम्ही मागून आणली होती, आणि मुदीरला, तुमच्या साहेबाला, ती दिवस मावळायच्या आत परत हवी होती. आपल्या करामाच्या घरी, स्वयंपाकघरात आई पहाटेपासून पुऱ्या तळत होती. तुम्ही चालवताय, मी मध्ये, आई खिडकीशी, मांडीवर डबा. डोंगर संपतात आणि एकदम समुद्र येतो. "अहो, थांबवा ना. पाय तरी बुडवू," आई म्हणते. तुम्ही घड्याळ पाहता. "येताना थांबू." पुढे खजुरीची झाडं, मग वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, प्रत्येक ठिकाणी ती विचारते, तुम्ही तेच म्हणता. किनाऱ्याच्या टोकाला तुम्ही गाडी वळवलीत आणि येताना वेग वाढवलात.

पुऱ्या आम्ही घरी, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून खाल्ल्या. "जरा नळ सोडा," आई तुम्हाला म्हणाली, "लाटांचा आवाज तरी येईल." तुम्ही उठून खरंच नळ सोडलात. आम्ही दोघं हसलो. तुम्ही मात्र बराच वेळ पाठमोरे उभे राहिलात. पिकअप पुन्हा मिळाली नाही. तुम्ही गेलात, मग आईही. माझी गाडी आली तेव्हा बसायला दोघंही नव्हतात.

कॅनडातल्या शेवटच्या दिवशी एका वळणावर मुलगी म्हणाली, "डॅडी, स्टॉप हिअर. प्लीज." खाली ओंडक्यावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं, मध्ये उघडा डबा. बाईने पाय पाण्यात सोडले होते. तिच्या चपला त्याच्या हातात होत्या. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि उचलला.

"येताना थांबू," मी म्हणालो.

"प्रॉमिस?"

"हो."

भाड्याची गाडी पुढच्या गावात परत द्यायची होती, तिथूनच रात्रीचं विमान. त्या रस्त्याने पुन्हा येणं नव्हतं. मुलगी मागच्या काचेतून बघत राहिली. त्या शुक्रवारी आईने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणून लिहितो. तुम्हाला खरंच वेळ नव्हता, बाबा. मला होता.