बांधायला दिलेली पोथी

३ फेब्रु. ३७
मासिकाचा अंक आला पुण्याहून. माझं पाचवं प्रकरण छापलंय, खाली "एका विलायती कादंबरीवरून". छावणीतल्या साहेबाच्या लिलावात ह्यांनी ट्रंक घेतली होती, आत ती कादंबरी लिहिणाऱ्या बाईची सहा पुस्तकं निघाली. बाईचं नाव कुठंच न्हाई. 'मिसेस' आणि पुढं नवऱ्याचं नाव! लिहिलं हिनं, मिरवतोय तो. तेव्हाच डोकं फिरलं माझं, आणि रागारागानं वाचायला बसले ती सहाही संपवूनच उठले. सगळ्यांत एक घर, एक दडलेला कागद. चोर बाहेरून येतच न्हाई. गाव ज्याला वाकून नमस्कार करतं तोच असतो.

९ फेब्रु.
संपादकांचं पत्र. कथा "इथली वाटू द्या". देतेच की! तिच्या गावाचा जुना जालना केलाय, चर्चचं देऊळ केलंय, बग्गीचा टांगा. मेलेल्या भावाच्या विधवेचा कागद दाबणारा वकील तेवढा जसाच्या तसा ठेवला. तपकीर ओढतो. इंग्रजीतही ओढतोच.

१६ फेब्रु.
काय तमाशा! मोठे भावजी (पुढं मो.भा., रोज एवढं मानाचं लिहायला शाई कुठून आणू) म्हणजे ह्यांचे थोरले बंधू, वकील, घरचे कर्ते. कोर्टातून आले ते अंक हातात घेऊनच. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्याशी थेट बोललेले न्हाईत कधी. "सांगा तिला" असंच चालतं. आज भर अंगणात, "हे तुला कुणी सांगितलं?"
"बाईनं."
"कोणत्या बाईनं?"
"विलायतच्या."
"बिलकुल खोटं! मधलीनंच सांगितलं."
मधली म्हणजे आमच्या अक्का, माझ्या मधल्या जाऊबाई. बारा वर्षं झाली नाना, म्हणजे त्यांचे मालक, जाऊन. बिचाऱ्या ज्वारी निवडून राह्यल्या होत्या, सूप हातातच राहिलं. मी ओरडले की अहो, ती बाई माझ्या जन्माआधीच मेली, तिला जुना जालना काय ठाऊक! मो.भा. तपकिरीची डबी खिशात कोंबून आत गेले.
नंतर भाकरी थापताना लक्षात आलं. खोटा आळ आला तर माणूस 'हे खोटं आहे' म्हणेल. मो.भा. म्हणाले, 'कुणी सांगितलं?'

१७ फेब्रु.
ह्यांना धरलं. कागद होता का? म्हणे, "नानानं जायच्या आधी बदनापूरचं शेत अक्काच्या नावानं करून कागद केल्ता म्हणतात. मी न्हाई पाहिला." म्हणतात! बारा वर्षं हे 'म्हणतात' पोटात घालून जेवतोय हा माणूस, आणि रोज वाढतात कोण, तर अक्काच. आज मी अक्कांना वाढू दिलं न्हाई. ह्यांनी आपलं आपण घेतलं.

२१ फेब्रु.
मो.भां.चा हुकूम. घरातल्या गोष्टी बाहेर जातात, तेव्हा अक्कानं भावाकडं आष्टीला जावं. कायमचं. २ मार्चच्या गाडीनं परतूरपर्यंत, पुढं बैलगाडी. अक्का म्हणाल्या, "जाते. पण मी काय केलंय ग?" काय सांगू? लिहिलं मी, शिक्षा त्यांना. तोंड दाखवायची लाज वाटली.
दुसरा हुकूम मला. शेवटचं प्रकरण त्यांना दाखवल्याशिवाय टपालात टाकायचं न्हाई.

२४ फेब्रु.
दाखवलं. इंग्रजीत कागद सापडतो त्यांच्या धर्मग्रंथाच्या पुठ्ठ्यात. आपल्याकडं तो कुठला, म्हणून मी पोथीच्या बासनात केला, दुहेरी कापडाच्या मधे शिवलेला. मो.भां.नी उभ्यानंच वाचलं. चिमूट नाकापर्यंत नेली आणि तशीच राहिली. "पाठवायचं न्हाई." एवढंच बोलले.

२५ फेब्रु.
देवघरात पोथी न्हाई. नानांची पोथी, ते रोज वाचायचे. अक्का सकाळी बासनावर फूल ठेवतात, बस. गाठ सोडायची मनाई, विधवेनं पोथी उघडू नये असा मोठ्या वैनींचा, म्हणजे मो.भां.च्या बायकोचा, नियम. (कुणी केला हा नियम, आणि कशापायी, आता विचारते!) वैनी म्हणाल्या, "ह्यांनी बांधायला दिली. पानं खराब झाल्ती."
अक्का चुलीपाशी आल्यावर हळूच म्हणाल्या, "पोथीची पानं सुटीच असतात ग. वर-खाली फळ्या, त्यावर बासन. तिला कोण बांधतं?"
म्हणजे मी गोष्टीत शिवलेला कागद नानांच्या बासनात खरंच होता की काय!

२८ फेब्रु.
पोथी आली. पानं सुटीच! बासन मात्र कोरं, लाल. जुनं फाटलं म्हणे. ह्यांना म्हटलं, बघा. "जाऊ दे ना." जाऊ दे! भर दुपारी एकटी पोस्टात गेले आणि शेवटचं प्रकरण टाकून आले. खाली नुसतं माझं नाव घातलं. सौ. न्हाई, यांचं नाव न्हाई, आडनाव न्हाई.

२ मार्च
टांगा दारात. अक्कांचं गाठोडं चढवलं. देवाला नमस्कार करून येते म्हणाल्या आणि आल्या त्या पोथी छातीशी धरून. मो.भा. ओसरीवर बसले होते. त्यांच्यापुढं अक्का कधी मान वर करत न्हाईत. आज समोर बसल्या, पोथी खाली ठेवली, आपल्या हातानं गाठ सोडली. वैनी "अग अग" करत राहिल्या.
"भावजी, बांधायला कुणाकडं दिल्ती?"
अख्ख्या जालन्यात बांधणीवाले दोघं. कुणाचंही नाव घेता आलं असतं. मो.भां.नी नुसती डबी उघडली, मिटली.
आणि हे, माझे 'जाऊ दे'वाले, खांबाला टेकलेले, एकदम म्हणाले, "सांग की, दादा. जुनं बासन कुठाय?"
माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच हे मोठ्या भावापुढं बोलले.
टांगेवाला ओरडला, "जल्दी करा बाई, गाडी चुकंल!" कुणी हललं न्हाई. थोड्या वेळानं स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. मो.भा. अजून पानांकडंच बघून राह्यले होते.
टांगेवाल्यानं विचारलं, "घोडा सोडू का मंग?"
मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "सोडा." आणि परत भावजींकडं वळून बसल्या.