रशियाच्या राजपुत्राचे तांदूळ

आई, चौथीनंतर तू मला शाळेतून काढलंस, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. नाहीतरी तुला कुठे वाचता येत होतं!

मी सिंगापूरला आहे, मुलाकडे, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये. श्रावण इथे कुणाच्या गावीही नाही. शुक्रवारी मी आपली देवापुढे बसले. तू चुलीपाशी कहाणी सांगायचीस, आम्ही मुठीत तांदूळ धरून ऐकायचो. मी मध्येच मूठ उघडली की पाठीत धपाटा. "संपायच्या आधी वाहिलेस तर फळेल कशी गं, सटवे?" इथे मला कहाणी कोण सांगणार? तर माझं नातवंड जवळ येऊन बसलं. बारा वर्षांचं पोर. मुलगी म्हणून जन्मलं, आता म्हणतं मी मुलगा आहे. केस स्वतःच कापलेत, उंदरानं कुरतडल्यासारखे. मी तसं म्हटलंही. हसलं.

त्याच्याकडे लायब्ररीतलं रशियाकडच्या गोष्टींचं पुस्तक आहे. "आज्जी, मी सांगतो, तू राइस धर." दोघांनी मुठी भरल्या. राजाची धाकटी लेक चिलखत चढवून लढाईला जाते. जंगलात कोंबडीच्या पायांवर उभी झोपडी, आत म्हातारी, माझ्यासारखीच तोंडाळ. ती शाप देते, मुलगी असशील तर मुलगा होशील! "आणि तो म्हणतो, थँक यू!"

"अगो बाई, शापाला?"

"हो लाह." इथे सगळे बोलताना शेवटी असं 'लाह' जोडतात. "त्याला तेच तर पाहिजे होतं." मग राजपुत्र घोडा घराकडे वळवतो...

इतक्यात माझा मुलगा आला. घडीचा मोबाईल कानाला तसाच, दुसऱ्या हातानं पुस्तक उचललं, कपाटावर टाकलं. पोराला पुण्यात मुलींच्या हॉस्टेलात घालायचं ठरलंय. गुरुवारी माझा इथे राहायचा पास संपतो, नेणार मीच.

"अरे, त्याला विचारलंस का?"

"आई, तुला यातलं काय कळतं?"

नाहीच कळत. पोर रडतंय एवढं कळतं. सून पाठ करून भांडी घासत राहिली. मी इथली पाहुणी, लिफ्टचं बटणसुद्धा विचारून दाबते. भांडू कुणाशी, आणि कुठल्या भाषेत?

पोरानं नाक पुसलं, आपले तांदूळ देवापुढे ठेवले. "मला शेवट पाठ आहे. तू पण ठेव ना, आज्जी."

"मी कुठे ऐकलाय शेवट?" म्हटलं, आणि मूठ तशीच ठेवली.

खोटं बोलले, आई. गेल्याच आठवड्यात खाली बाकावर बसून त्यानं मला शेवट सांगितला होता. बाप स्वतः दार उघडतो, "आलास?" म्हणतो आणि ताट वाढायला सांगतो. तांदूळ वाहायचे म्हणजे तसंच होऊ दे म्हणून मागायचं. आणि गुरुवारी त्याचं मनगट धरून विमानात मीच चढणार. मागू कुठल्या तोंडानं? पदराच्या टोकाला बांधून ठेवलेत. हा कागदही तिथेच खोचते.