नात्याचा रकाना

दौलतगंज, लश्कर, ग्वाल्हेर
८ सप्टेंबर २०२५

ती. रू. महिपतदादा यांस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानाला फोन चालत नाही आणि माझ्या बोटांना मेसेज, म्हणून पत्र. लक्ष्मीकांत वकिलांच्या जिन्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. नंबर यायला वेळ आहे, आणि नुसतं बसणं मला जमत नाही.

दोन वर्षांमागे भाऊबीजेला तू चक्कीसाठी सहा लाख पाठवलेस ना, ते आता गळ्याशी आलेत. इन्कमटॅक्सची नोटीस आली. पैसे कुठून आले, देणारा तुमचा कोण, लिहून द्या म्हणतात. दुकानात मोबाइलवर टिंग वाजून जे येतं ते सगळं कमाईत धरायचं का, घराचं नि चक्कीचं लाइटबिल एकच येतं त्याचं काय करायचं, तुझ्या भाचीच्या, सोनिकाच्या कॉलेजची फी दुकानाच्या खर्चात टाकता येते का, हे सगळं मी वकिलांना विचारून घेतलं. त्यांनी नीट सांगितलं. फी नाही टाकता येत. गाडी अडली ती तुझ्यापाशी.

मी म्हटलं, भावाने दिले, त्यात काय विचारायचं? त्यांनी चष्मा वर केला आणि दोघांच्या बापाचं नाव एकच आहे का म्हणून विचारलं. सख्ख्या भावाने कितीही दिलं तरी बहिणीला कर नाही. मानलेला भाऊ कायद्यात परका, आणि परक्याने वर्षात पन्नास हजारांच्या वर दिलं की ती बहिणीची कमाई. मी चिडून म्हटलं की मुरारला आपण शेजारी राहायचो तेव्हा मला ना पुढचा भाऊ ना पाठचा, म्हणून मी अंगणात चंद्राला ओवाळत होते, आणि तू म्हणालास की चंद्र काही पाटावर यायचा नाही, मी रिकामाच आहे. हे कोणत्या रकान्यात लिहू? ते म्हणाले, असा रकाना नाही.

मघाशी वाकून त्यांनी हे पत्र पाहिलं आणि म्हणाले की तीर्थरूप सख्ख्या वडीलधाऱ्याला लिहितात, परक्याला तीर्थस्वरूप. मी म्हटलं, चौथी शिकले, मला एकच येतं.

दाल बाजारातले मिरचीवाले दौलतसिंह म्हणतात की कर्ज लिहा, मागच्या तारखेची चिठ्ठी आणा, टॅक्स गायब. आता तू बोल. सख्खा भाऊ लिहिलं तर खोटं, कर्ज लिहिलं तरी खोटं, आणि परका लिहायला माझा हात धजत नाही. आषाढापासून तुझं पत्र नाही, त्याचीही फिकर आहे. फौजी माणूस, निदान चार ओळी खरडाव्या.

लोभावर अजून कर बसलेला नाही, तेव्हा तो वाढवायला हरकत नाही.
तुझी धाकटी,
सुलू

*

कऱ्हाड
१७ सप्टेंबर २०२५

श्रीमती सुलोचनाबाई यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोहोचले. इकडे सर्व ठीक.

सदर रक्कम आपणांस हातउसनी म्हणून देण्यात आली होती. तसा मागील तारखेचा कागद सोबत पाठविला आहे. त्यावर सही करून उलट टपाली पाठवावा. रक्कम दोन वर्षांत परत करावी. त्यामुळे आपला कर वाचेल व आमचीही सोय होईल.

कळावे, लोभ असावा.
आपला,
महिपतराव

*

दौलतगंज, ग्वाल्हेर
२५ सप्टेंबर २०२५

ती. रू. महिपतदादा यांस सा. न., आणि हे जो कोणी आधी उघडून वाचतो आहे त्यालाही नमस्कार.

पत्र वाचलं आणि आधी रडले. मग चक्कीवर गेले, दहा किलो हळद दळली, आणि डोकं ठिकाणावर आलं. दादा, हे पत्र तुझं नाही. माझा नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी माझं सौ. पुसून श्रीमती लिहिलं. सख्ख्या जावांनी लिहिलं. तू पहिल्यापासून चि. सुलू लिहायचास, म्हणून तुला काही पुसावं लागलं नाही. आता इतक्या वर्षांनी तुझ्या घरून श्रीमती येते, म्हणजे पेन दुसऱ्याच्या हातात आहे.

संग्रामसिंह, तूच ना रे? लहानपणी माझ्या ओट्यावर बसून कच्ची चकली मागायचास तो तूच. बापाचं नाव खाली घालताना तुला काही वाटलं नाही? पैसे हवे होते तर आत्या म्हणून हात पसरायचास, मी चक्की विकली असती. कागद मात्र खोटा आहे, त्यावर मी सही करायची नाही. आणि बाप कुठे आहे तुझा? तो का लिहीत नाही? सर्व ठीक असलेल्या माणसाला लिहायला माणूस लागत नाही.

दादा, तुझ्या हाताने तू लिहिलंस की उसने होते, तर उद्या परत करते, भांडणार नाही. पण तुझ्याच हाताने. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं, वकिलांनी पंधरा दिवस वाढवून घेतलेत.

रागावले आहे, तरी लोभ जागेवर आहे.
सुलू

*

कऱ्हाड
४ ऑक्टोबर

चि. सुलू, आ.

डावा हात आहे. अक्षर सांभाळ.

उजवा आषाढात गेला. जीभही जड. संग्रामने लपवलं, तू धावत येशील म्हणून. कागद त्याचा. रागावू नको. दवाखान्याच्या बिलाने घाबरला पोर. तुझं पत्र वाचून दाखवताना रडला.

पैसे ओवाळणीचे. कागद फाड. फौजेत खोटी हजेरी लावली नाही. तूही लावू नको.

परका लिही. मला चालतं.

दादा

*

दौलतगंज, ग्वाल्हेर
२४ ऑक्टोबर २०२५

ती. रू. महिपतदादा यांस,
सा. न. वि. वि.

तुझ्या नऊ-दहा ओळी मी आणि सोनिकाने दुपारभर लावल्या. कोंबडीने अंगण उकरावं तसं अक्षर, पण सगळं लागलं.

मुदतीच्या आत उत्तर दिलं. वकिलांनी कागद पुढे केला. देणाऱ्याचं नाव महिपतराव, नातं काही नाही. तुला चालतं म्हणालास, मला नाही चाललं. सही केली आणि जिन्यातल्या त्याच बाकावर बसून राहिले. वकील बाहेर आले, पाणी दिलं, आणि म्हणाले की बाई, कायदा एवढंच विचारतो की पैशावर कर लागतो का. मी म्हटलं, मग तेवढंच विचारावं, नातं कशाला विचारता?

कर व्याजासकट भरला. दिवाळीची भाजणी चांगली खपली, अर्धा त्यात निघाला. उरलेल्यात सोनिकाची स्कूटी गेली. तोंड पाडून बसली होती, पण काल तिनेच सगळ्यांना सांगितलं की बाकीच्या पोरींचे मामा फुकटचे, माझा टॅक्स भरलेला.

संग्रामला वाचून दाखवायला सांग. पैसे उसने नव्हते, म्हणून परत करत नाही. पण भाऊ आजारी पडला की बहिणीने हात लावायचा असतो. चक्कीतून दर महिन्याला थोडं पाठवीन. कागद नको, पावती नको. वकिलांना विचारूनही आले, वर्षाचे पन्नास हजारांच्या आत ठेवते, नाहीतर तुझ्या घरी नोटीस यायची आणि मला परकी लिहून सही करायची पाळी तुझ्यावर.

काल भाऊबीज. चंद्राला ओवाळलं नाही. पाटावर तुझ्या नावाची सुपारी ठेवली. ओवाळताना ज्योत दोनदा विझली, दाराच्या वाऱ्याने. मनात नको ते आलं. तिकीट बघायला सांगितलं आहे, कार्तिक सरायच्या आत येते. तोवर नीट राहा, औषध थुंकू नको, संग्राम सांगतो ते ऐक.

कळावे. लोभ तुझ्याकडे ठेवायला दिला आहे, येऊन मोजून घेईन.
तुझी धाकटी,
सुलू

ता. क. उत्तर संग्रामने लिहिलं तरी चालेल. मजकूर त्याचा असू दे, सही त्याची असू दे. वरचं चि. तेवढं तू तुझ्या हाताने लिही. वाकडं आलं तरी चालेल, मला वाचता येतं.