अनुभवी चेहऱ्याचं मंदस्मित

३ जानेवारी
संध्याकाळच्या बातम्या कॅमेऱ्यासमोर वाचायला अनुभवी चेहरा हवा, असं संपादकबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून. (माझ्या मागे घड्याळ होतं, पण ते अनुभवी नाही.) चाचणी एप्रिलमध्ये. पुढचे दोन वाकडे दात सोडले तर मी तयारच आहे.

६ जानेवारी
दातांच्या डॉक्टरीणबाईंनी अलाइनर दिले. पारदर्शक ट्रे, एकापाठोपाठ एक घालायचे. एकदा चढवला की ब्रह्मदेवालाही दिसायचा नाही. सूचनापत्रक सवडीने वाचीन. संस्कृत भाष्यांवरची भाष्यं पचवलेल्या माणसाला प्लास्टिकच्या डबीचं काय एवढं!

७ जानेवारी
ऑफिसात हसलो. आज काय विशेष, असं टेलिफोनवालीने विचारलं. पहिल्याच दिवशी गुण!

१९ जानेवारी
ट्रे घातला की दन्त्य वर्णांची दैना. 'स'ला तर चक्क शिट्टी वाजते. म्हणून बोलताना काढतो. जेवताना काढावाच लागतो. घरीही काढून ठेवतो. चांगली वस्तू उगाच कशाला झिजवायची? झोपेत आपलं हसू बघणार कोण? बायको म्हणाली, मी बघते ना, घोरताना. तिला सौंदर्यशास्त्राचं अंग नाही.

२ फेब्रुवारी
शास्त्रीय प्रयोग. स्वतःचे दोन फोटो, ट्रेसह आणि ट्रेविना. ऑफिसभर फिरवून विचारलं, कुठलं हसू जास्त आकर्षक? सगळे म्हणाले, दोन्ही सारखीच. म्हणजे ट्रे खरोखर दिसत नाही. सिद्ध! क्रीडावार्ताहर म्हणाला, काका, दोन्हींत कुणीतरी तुमच्या पायावर पाय दिल्यासारखा चेहरा दिसतोय. असूया, दुसरं काय.

१ मार्च
पुढचा ट्रे बसेना. कारखान्यात माप चुकलं असणार. पहिलाच घालतो, आता ओळखीचा झालाय.
आरशासमोर तीन स्मितं बसवली: निवडणूक, हवामान, शोकवार्ता. बायको म्हणाली, तिन्हींत वादळच दिसतंय.

९ एप्रिल
चाचणी! ट्रे खिशात ठेवून बातम्या वाचल्या. धबधब्यासारख्या. शेवटी मान वळवून ट्रे चढवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसलो. कॅमेरामन स्टुलावरून पडता पडता वाचला. भारावला बिचारा.

११ एप्रिल
डॉक्टरीणबाई म्हणतात, दात तसूभर हललेले नाहीत. ट्रे किती वेळ घालता? म्हटलं, हसण्यापुरता. त्यांनी सूचनापत्रक माझ्यासमोर उघडून धरलं. मग म्हणाल्या, अहो, तो दागिना नाही, दात सरकवायचं यंत्र आहे. खाणंपिणं सोडून रात्रंदिवस घालायचा. आता पुन्हा पहिल्यापासून. या वेळी हयगय नको.
मग इतके दिवस लोक कशावर खूश होते?

१२ एप्रिल
निवड झाली! संपादकबाई म्हणाल्या, भारदस्त आवाज, निर्दोष उच्चार, तुम्हाला तोड नाही. रेडिओसाठी. पडद्यावर क्रीडावार्ताहर.
सोमवारपासून सुरुवात. ट्रे काढायचा नाही, असं बायकोला वचन दिलंय.

१३ एप्रिल
बायकोने ट्रेसकट सराव करायला लावला. खणखणीत आवाजात वाचलं, 'सर्व सभासदांच्या संमतीने सभा स्थगित.'
शेजाऱ्यांचा कुत्रा धावत आला आणि शेपूट हलवत समोर बसला. पहिला श्रोता.