दर चुलीमागे एक माणूस

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
निर्मळला, माझ्या स्वतःच्या भाड्याच्या घरात! खिडकीतून केळीच्या बागा दिसतात. नवी शेगडी पेटवून पहिला चहा केला. आईने वीस वर्षं लोकांची भांडी घासून मला पदवीपर्यंत पोचवलं. लहानपणी मीही सोबत जायचे; दोघींनी हात लावला की लवकर उरकतं, म्हणायची. पंधरा दिवसांनी तिला इथे आणणार. आता कुणाची भांडी नाहीत. उद्यापासून नोकरी : वीटभट्ट्यांवरच्या वेठबिगारांना सोडवणाऱ्या संस्थेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसात विलास सरांनी विचारलं, पहिल्याच दिवशी दांडी? मला वाटत होतं, आज सोमवार आहे. नखांत काहीतरी पांढरं, चिवट. तेलकट वास.
इमारतीखाली केळी विकणाऱ्या पुतळाबाईंनी माझे हात पाहिले. चूल पेटवलीस का गं बाय, म्हणाल्या, इथं पानीसुद्धा तापवायचं नव्हतं. ही जागा म्हणे पूर्वी एका मालकाची केळीची वाडी. दर चुलीमागे एक माणूस, दर सोमवारी, फुकट राबायला. मालक मेला, वाडी गेली, वेठ राहिली. मी हसून सांगितलं, मावशी, वेठ कायद्याने बंद झाली. त्या म्हणाल्या, मालकाला वाचता कुठं येतं?

११ फेब्रुवारी, मंगळवार
कालचा दिवस पुन्हा आठवत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरी हरेशभाऊंनी कॅमेऱ्यातलं दाखवलं, अगदी सहज. पार्किंगमध्ये अख्खी सोसायटी ओणवी. सिमेंटवर, नसलेल्या केळींना हातांनी सडक्या मासळीचं खत घालतेय. मधे रिकामी खुर्ची. तिच्यापुढे मी बसलेली. हवेतले पाय दाबतेय. टाचा खरवडतेय.
नखांतलं काय ते कळलं. तीनदा ओकले. हरेशभाऊ म्हणाले, सवय होते.

१५ फेब्रुवारी
शेगडी भंगारात दिली. सांडोरला मैत्रिणीकडे, सुझानकडे राहते आहे. आईला फोन केला, येऊ नकोस. कारण सांगता येईना. नखं मुळापासून कापली, तरी वास. आणि किळस याची की मी मन लावून दाबत होते—

१६ फेब्रुवारी
आई न कळवता आली. शेजारच्या संजनाताईंकडे दुसरी किल्ली. त्यांनी दार उघडलं, वर स्वतःची जुनी शेगडी दिली. मी धावत पोचले तर आई चहा गाळत होती. शेजार किती चांगला गं, म्हणाली—

१७, सोमवार
अजून लिहिता येतंय. बॅग रात्रीच भरली, पण दार उघडेना—
आईने पदर खोचला. तेलाची वाटी घेतली. तिला धरायला गेले— माझेच हात कडी काढतायत—
खाली खुर्ची सरकली.
आई हसतेय. म्हणतेय, पाय दोनच, आपणही दोघी, लवकर उर—