हुमाताईला एक पिशवी नवा तांदूळ

वेल्हे, मंगळवार सकाळ

प्रिय हुमाताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे कुमारचा, मनापासून नमस्कार. इमामबी चाचींना सलाम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत आणि तिकडे तुम्हीही खुशाल असाल असं धरून चालतो. (नुसतं धरून चालू नये, आधी तपासावं, हे तूच शिकवलंस. म्हणून तपासतो.) चाचींचे गुडघे कसे आहेत? अमीरभाईंची कंबर आता पूर्ण बरी झाली का, म्हणजे वजन उचलण्याइतकी? पुण्यातल्या तुमच्या इमारतीची लिफ्ट दिवाळीत बंद होती, ती सुरू झाली का? वॉचमन तोच आहे का, जो गेटसमोर गाडी उभी करू देत नाही? आणि तुमच्या हॉलमधला तो मोठा सोफा भिंतीला सरकवता येतो का? सहज विचारतोय. आपल्या माणसांची चौकशी करावी, एवढंच.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. एक तर फोनवर तू मध्येच बोलतेस आणि आभार मानायचे राहून जातात. दुसरं म्हणजे आमच्याकडे रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीवर, आणि टाकीवर चढून कोणी हातवारे करत कृतज्ञता व्यक्त करू लागला की खाली माणसं जमतात. म्हणून पत्र लिहून धनाजीच्या हाती दिलं आहे. धनाजी आमचा टेम्पोवाला, स्वभावाने गरीब. त्याला बसव, चहा दे आणि पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून खिडकीतून खाली बघू नकोस. त्याच्या हातातली पिशवी तुझी आहे, यंदाच्या इंद्रायणीची. गिरणीतून नवा तांदूळ आला की आमच्याकडे पहिला नैवेद्य भैरवनाथाला जातो आणि त्यानंतरचा पहिला वाटा ज्याने हंगामाला हात लावला त्याला. यंदा तो मान तुझा, असं फुलाआत्याने सगळ्यांसमोर सांगितलं. भात लावणीला तू नव्हतीस, हे मान्य. पण तू नसतीस तर तो तांदूळ वेल्ह्याच्या बाहेर पडला नसता.

झालं काय ते तुला ठाऊक आहेच, पण आभार मानायचे तर ते मुळापासून मानावेत, या मताचा मी आहे. फुलाआत्याच्या महिला गटाचा तांदूळ थेट पुण्यातल्या घरांत जावा म्हणून मी नोकरी सोडून इकडे आलो आणि वेबसाइट केली. (नोकरी सोडल्याचं घरी अजून सगळ्यांना पटलेलं नाही. बायको 'रजा' असा शब्द वापरते.) गेल्या वर्षी बुकिंगच्या सकाळी साइट जी बसली, ती संध्याकाळी उठली. तोवर लोकांनी कंटाळून मॉलमधून तांदूळ आणला आणि आमचा माल कापूरहोळच्या व्यापाऱ्याने, तो म्हणेल त्या भावाने, उचलला. यंदा कापणी झाल्यावर फुलाआत्याने मला अंगणात बोलावून घेतलं. "कुमार," म्हणाली, "औंदा बी तुजी ती साइट बसली, तर आमी परत तिच्या वाटंला जाणार न्हाई. समदा माल व्यापाऱ्याला. मंग तू खुशाल पुण्याला जा तुज्या नोकरीवर." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने माझ्या वतीने विचार करून ठेवला होता.

मग मी साइट वेगवान करायला घेतली. कापूरहोळच्या चौकात काही मेकॅनिक असतात, बॉनेट उघडायच्या आत निम्मी गाडी बदलायला सांगतात, तसं मी सुरू केलं. फोटो बारीक केले, रंग बदलले, मोठा सर्व्हर भाड्याने घेतला. साइट पूर्वी चालत नव्हती, ती आता मोठ्या सर्व्हरवर चालेना. गटाचे मार्गदर्शक सोनबाआण्णा यांनी लॅपटॉपची दृष्ट काढली. तेव्हा मी टाकीवर चढून तुला फोन केला, आणि तू पहिलं वाक्य बोललीस ते मी खडूने गोठ्याच्या दारावर लिहून ठेवलं आहे. "आधी मोज, मग हात लाव." साइटची पानं तयार करणाऱ्या स्क्रिप्टच्या प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो ते लॉगमध्ये लिहायला लावलंस. (लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. ती वाचायची असते हे मला माहीत नव्हतं. मी ती जागा खाते म्हणून पुसत होतो.)

मोजल्यावर दोन गोष्टी सापडल्या. पहिली अशी, की माझी स्क्रिप्ट सर्व्हरच्या आत राहतच नव्हती. गिऱ्हाईक आलं की ती घरून निघायची, आंघोळ करायची, चूल पेटवायची, भांडी मांडायची, एक पान दाखवायची आणि सगळं आवरून परत घरी जायची. पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा आंघोळ. तू तिला सर्व्हरमध्येच कायमची मुक्कामाला बसवलीस. चूल एकदाच पेटली, ती पेटलेलीच राहिली. साइट निम्मी सुधारली. मी टाकीवर नाचलो. (पुन्हा माणसं जमली.)

दुसरी गोष्ट सांगायला मला आजही लाज वाटते, पण चूक माझी एकट्याची नाही, ती आमच्या पंचक्रोशीची आहे. आमच्याकडे कोणताही कार्यक्रम सत्काराशिवाय सुरू होत नाही, मग साइट तरी कशी होणार? त्यामुळे प्रत्येक पानावर वरती गटाच्या सगळ्या मार्गदर्शकांची नावं, फोटोसह, वडीलकीच्या क्रमाने. हा क्रम स्क्रिप्ट दर वेळी डेटाबेसमधून जन्मतारखा काढून नव्याने लावायची. आता सोनबाआण्णा आणि गेनबातात्या, दोघांची जन्मतारीख एक जून, सालही एकच, कारण दोघांना एकाच मास्तरांनी एकाच दिवशी शाळेत घातलं. दोघांपैकी थोरला कोण, यावर दोन्ही घरांत तीस वर्षं बोलणं जपून होतं. म्हणून मी न्याय केला होता. एकदा सोनबा आधी, एकदा गेनबा आधी, आणि कोण आधी आला ते दर वेळी डेटाबेसमध्ये नोंदवायचं, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्याचा नंबर. ती नोंद होईपर्यंत बाकीची सगळी गिऱ्हाइकं रांगेत उभी. म्हणजे कोथरूडच्या बाईंना पाच किलो तांदूळ हवा असला, तरी आधी सोनबा-गेनबाचा निकाल लागल्याशिवाय त्यांना पान दिसत नव्हतं. लॉगमध्ये हे वाचून तू फोनवर किती वेळ हसलीस, आठवतं? टाकीवर वारा होता, तरी मला ऐकू येत होतं.

पण हसून झाल्यावर तू जे केलंस त्याला तोड नाही. सत्कार एकदाच, सर्व्हर सुरू होताना. मग ती यादी तयारच ठेवायची. आणि सर्व्हरच्या आत जे चार गडी एकाच वेळी कामाला असतात (तू त्यांना वर्कर म्हणतेस), त्यांतल्या दोघांनी कायम सोनबा आधी म्हणायचं आणि दोघांनी कायम गेनबा. कोणाच्या हाती कोणतं गिऱ्हाईक लागेल ते त्याचं नशीब. नोंद नाही, रांग नाही. मी हे दोघांना समजावून सांगितलं. गेनबातात्या म्हणाले, "म्हंजी निम्मं गडी माजं?" मी हो म्हणालो. त्या दिवसापासून ते साइटकडे वेगळ्या मायेने बघतात.

साइट वाऱ्यासारखी पळू लागली, आणि मग मी टाकीवर असताना औंधच्या एका बाईंचा फोन आला, की साइट मला 'नमस्कार, फुलाआत्या' का म्हणते? मी करून बघितलं तर माझ्याकडे सगळं ठीक. पुन्हा बघितलं तर ठीक. तिसऱ्यांदा मला म्हणाली, 'नमस्कार, फुलाआत्या'. मी घाबरून लॅपटॉप मिटला. तू शांतपणे सांगितलंस, चारपैकी तीन गड्यांना सुट्टी दे आणि एकालाच कामावर ठेव, मग लपाछपी थांबेल. तशी ती थांबली आणि दोष दर वेळी दिसू लागला. (दोष दर वेळी दिसतो याचा आनंद फक्त आपल्या धंद्यात होतो.) स्क्रिप्ट आता घरी जात नाही ना, मग आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव तिच्या डोक्यात तसंच राहतं आणि ती पुढच्यालाही त्याच नावाने हाक मारते. फुलाआत्याच्या नावाने मी चाचणीची ऑर्डर केली होती, तीच ती धरून बसली होती. "नवं गिऱ्हाईक आलं की आधी पाटी पुसायची," असं तू म्हणालीस. "आणि कुमार, फक्त या पानावर नाही. एकूण एक पानावर बघ." मी बघतो म्हणालो. हे वाक्य कृपया लक्षात ठेव.

रविवारी सकाळी बुकिंग उघडलं. फुलाआत्याच्या अंगणात सगळा गट बसला होता, मध्ये इंटरनेटच्या वायरीला जोडलेला लॅपटॉप, बाजूला पोह्यांची परात. पहिली ऑर्डर आली. मग दुसरी, तिसरी, आणि मग मोजायचं भान कोणाला राहिलं नाही. पोहे संपायच्या आत आमचा सगळा तांदूळ गेला, आणि साइटने एकदाही दम खाल्ला नाही. फुलाआत्या उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ऱ्हा बाबा हितंच." ताई, मला रडू आलं. भोरला कॉलेजला असताना चाचींच्या घरी राहत होतो, तेव्हा परीक्षेच्या दिवसांत चाची माझं ताट आधी वाढायच्या आणि तू मला गणितं समजावायचीस, ती कितीदाही विचारली तरी न चिडता. आजही तू तशीच आहेस. मी माझ्या माणसांत, माझ्या घरात राहिलो ते तुझ्यामुळे. याचे आभार कसे मानतात ते मला खरंच माहीत नाही.

बायको नमस्कार सांगते. (ती 'रजा' म्हणायची थांबली आहे.) चाचींना जप, स्वतःला जप.

तुझा,
कुमार

ता. क. धनाजीचा चहा झाला असेल तर आता खिडकीतून खाली बघायला हरकत नाही. तो टेम्पो आपलाच. त्यातल्या पिशव्याही आपल्याच. म्हणजे तुझ्या. म्हणजे तशा तुझ्या नाहीत, पण प्रत्येकीवर तुझं नाव आणि तुझा पत्ता आहे.

ता. क. २. पत्त्याची स्टिकर छापणारं पान फक्त मी वापरतो, म्हणून तिथली पाटी पुसायची राहिली. फुलाआत्याचा आग्रह, की पहिला मान हुमाचा, तर पहिलं स्टिकरही हुमाचंच छाप. मी छापलं. स्क्रिप्टने ते मनात धरलं आणि पुढे सगळ्या पुण्याला हुमा म्हटलं. छपाई इतकी भराभर झाली की मी तिच्या वेगाकडेच कौतुकाने बघत बसलो. बायकांनी स्टिकर चिकटवताना वाचली होती. माल टेम्पोत चढल्यावर मी ओरडलो, तर फुलाआत्या म्हणाली, "आमाला वाटलं, मानानं टाकलंस तिचं नाव समद्यांवर. चांगलंच दिसतंय की." आमच्याकडे कोणाचंही नाव कुठेही मानाने लावलेलं असतं, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

ता. क. ३. आता खरं काम. स्टिकरचा रोल संपला, तो वेल्ह्यात मिळत नाही, नसरापुरातही नाही. त्या पानाला हात लावायची माझी हिंमत नाही. आणि धनाजीला दुपारी सारोळ्याचं भाडं आहे, म्हणून माल तुझ्याकडे उतरवून घ्यावा लागेल. (लिफ्ट, सोफा, वॉचमन आणि अमीरभाईंची कंबर यांची चौकशी त्यासाठी होती. पण चाचींच्या गुडघ्यांची खरोखर काळजी म्हणूनच केली.) तू तेवढी पाटी पुसून नवी स्टिकर छाप. पिशव्या सगळ्या सारख्या आहेत, कोणतीही कोणालाही चालेल. चिकटवायला मी उद्या पहिल्या एसटीने येतो, आणि घरोघर पोचवूनच परत जाईन. चिडली असशील तर मी येईपर्यंत चिडून घे.

ता. क. ४. धनाजीच्या हातातल्या पिशवीवरचं स्टिकर तेवढं काढू नकोस. ते बरोबर आहे.